पावसाला कुलूप नको, सही हवी

आपल्या राज्यात अतिवृष्टी झाली की नाही, हे नुसत्या पावसावर ठरत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. इथे 'नोंदला गेला' या शब्दांकडे नीट पाहा. पाऊस शिवारात पडतो, पण तो नोंदतो एक डबा. हा डबा एखाद्या सरकारी आवारात किंवा शाळेच्या मागे, तारेच्या कुंपणात, खांबावर उभा असतो. वर लहानसं सोलर पॅनेल, आत बॅटरी, एक सर्किट आणि एक सिम कार्ड. राखणीला माणूस नाही. तो डबा जे सांगेल ते कागदावर येतं, आणि कागदावर जे येतं त्यावरून मदतीचे आणि विम्याचे हिशेब सुरू होतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली दहा-बारा वर्षं अशाच यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितो. पाणीपातळी, तापमान, मातीतला ओलावा मोजायचा आणि दूरच्या सर्व्हरला पाठवायचा, हे त्यांचं काम. आमच्या धंद्यात यांना 'अनअटेंडेड सेन्सर' म्हणतात, म्हणजे राखणदार नसलेलं मोजमाप-यंत्र. यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा लगेच हॅकर, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनवर जाते. त्या गोष्टी लागतातच. पण पावसाच्या आकड्यात लपवण्यासारखं काय आहे? गावात सगळ्यांनाच पाऊस दिसतो. खरा प्रश्न वेगळा आहे. नोंदलेला आकडा मधल्या वाटेत कुणी बदलला नाही, हे सिद्ध कसं करायचं? आणि ते तपासण्याची सोय कुणाच्या हातात असावी? माझं म्हणणं असं की ज्याच्या शेतावर तो पाऊस पडला, त्याच्या हातात ती असायला हवी. सध्याची रचना कुलपाचा विचार फार करते आणि सहीचा फार कमी.

डब्याच्या आत काय घडतं

विषय समजून घ्यायला यंत्र समजून घ्यावं लागतं, आणि ते अवघड नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकात वर एक नरसाळं असतं. त्याखाली सी-सॉसारखी, मधोमध टेकलेली दोन चिमुकली भांडी. एका भांड्यात ठरावीक पाणी साचलं की ते उलटतं, दुसरं वर येतं. प्रत्येक पलटीला एक छोटं चुंबक एका स्विचसमोरून जातं आणि सर्किटला एक ठोका मिळतो. बऱ्याच यंत्रांत एक पलटी म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. म्हणजे ६५ मिलिमीटरसाठी ३२५ पलट्या. तीनशे सव्विसावी पलटी झाली की अतिवृष्टी, नाही झाली तर नुसताच मोठा पाऊस. एका पलटीतलं पाणी हाताच्या ओंजळीत मावेल इतकं कमी असतं.

राज्य सरकारने 'महावेध' प्रकल्पाखाली खासगी भागीदारीतून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'विंड्स' हा कार्यक्रम आणला. त्यात हे जाळं ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा विचार आहे. तो विचार चांगलाच आहे. मंडळात अनेक गावं येतात आणि पाऊस गावाची शीव पाहून पडत नाही. केंद्रं वाढली तर अंदाज कमी होईल आणि मोजमाप वाढेल.

पण केंद्रं जितकी वाढतील, तितकी राखण करणारी माणसं वाढणार नाहीत. आणि फळपीक विम्यात तर केंद्राचं वजन आणखी जास्त आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत नुकसान झालं का, हे बागेत येऊन कुणी पाहत नाही. ठरावीक काळात अवेळी पाऊस, कमी तापमान किंवा जास्त तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की 'ट्रिगर' लागू होतो आणि भरपाई बसते. पंचनाम्याचा वेळ वाचतो, वशिल्याला जागा कमी राहते. मला ही पद्धत तत्त्वतः पटते. पण इथे एकमेव साक्षीदार तो डबा असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामूंची आंबा-काजूची बाग आहे. मोहोर गळाला की ते मला फोन करतात, कारण मी घरातला 'कंप्यूटरवाला'. मागे त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता. "अरे, तलाठी खोटं बोलला तर त्याला चारचौघांत विचारता तरी येतं. या डब्याला कुठे विचारायचं?" सेन्सरच्या सुरक्षेवर मी जी काही व्याख्यानं ऐकली, त्यात इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

खोटं तीन वाटांनी शिरतं

पहिली वाट डब्याच्या बाहेरची. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात दोन पशुपालक शेतकऱ्यांवर खटला चालला. तिथे कमी पाऊस झाला तर कुरणांना सरकारी विम्याचे पैसे मिळतात. २०१६ आणि २०१७ च्या दरम्यान कोलोरॅडो आणि शेजारच्या कॅन्सास राज्यातल्या सरकारी पर्जन्यमापकांशी छेडछाड झाली. कुठे तारा कापल्या, कुठे नरसाळ्यात सिलिकॉन भरलं, कुठे यंत्रावर चक्क केक भाजायचं भांडं पालथं घातलं. दोघांनी गुन्हा कबूल केला, त्यांना तुरुंगवास झाला आणि सुमारे ६६ लाख डॉलर भरण्याचं मान्य करावं लागलं. या सगळ्यात एकही पासवर्ड फुटला नव्हता. यंत्राने आपल्यापुरतं खरंच सांगितलं होतं, की माझ्यावर पाणी पडलं नाही.

याच वाटेने निष्पाप चुकाही येतात. नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, कोळी जाळं विणतो, पाच वर्षांत शेजारचं झाड वाढून यंत्रावर छत्री धरतं. तापमान मोजणाऱ्या खांबाजवळ सिमेंटची फरशी घातली की आकडा चढतो. कोळ्याच्या मनात कपट नसतं, पण भरपाई हुकायची ती हुकतेच.

दुसरी वाट जाळ्याची. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो इंटरनेट कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरलेले यूझरनेम-पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहायचा. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच फौजेने 'डिन' या कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. राखणदार नसलेल्या यंत्रांची हीच गोम आहे. एकदा बसवलं की त्याच्याकडे पुन्हा कुणी वळून पाहत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खासगी ग्राहकाने दुसऱ्या कुणीतरी बनवलेली पाणीपातळीची यंत्रं आमच्याकडे तपासायला दिली होती. पहिला डबा उघडला, चिपमधला प्रोग्रॅम वाचला, तर संदेश बंद करण्याची गुप्त किल्ली त्यात उघडी लिहिलेली. दुसरा डबा उघडला, तर तीच किल्ली. सगळ्या डब्यांना एकच किल्ली! म्हणजे एक डबा चोरीला गेला की सगळ्यांच्या नावाने खोटं बोलता येईल. रानात उभा असलेला डबा कधीतरी चोरीला जाणारच, निदान सोलर पॅनेलसाठी तरी.

तिसरी वाट आतल्या माणसाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. २००० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मरूची भागात सांडपाण्याचे पंप अचानक चुकीचे वागू लागले. सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत, एका हॉटेलच्या आवारात गेलं. हे पंप दूरवर विखुरलेले होते आणि रेडिओवरून चालत. गुन्हेगार होता ती रेडिओ यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत काम करून गेलेला एक माणूस. नगरपालिकेने नोकरी नाकारली म्हणून तो चिडला होता. गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरत तो पंपांना खोटे हुकूम देत होता. पंपांना ते हुकूम खरेच वाटत, कारण भाषा त्यांच्याच ओळखीची होती.

या तीन वाटांची तुलना करा. कोलोरॅडोत खोटं बोलणारे शेतकरी होते, मिराईत अनोळखी परके, मरूचीत माहीतगार. आपल्याकडे सुरक्षेची चर्चा झालीच तर पहिल्या दोघांची होते. 'शेतकरी यंत्राशी छेडछाड करतील' ही शंका कागदावर येते. 'सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे तो आकडा बदलू शकेल का?' हा प्रश्न कागदावर येताना दिसत नाही. एखाद्यावर आरोप करायचा म्हणून मी हे म्हणत नाही. पण ज्या व्यवहारात दोन बाजूंचे पैसे गुंतलेत, तिथे फक्त एकाच बाजूवर संशय धरणारी सुरक्षा लंगडी असते.

ही सवय कुठून आली

राखणदार नसलेले सेन्सर शेतीसाठी जन्मले नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने 'इग्लू व्हाइट' नावाची मोहीम चालवली. लाओसच्या जंगलातून जाणाऱ्या हो ची मिन्ह मार्गावर विमानांतून हजारो सेन्सर टाकले गेले. काही जमिनीत रुतून बसत आणि वर झुडपासारखी दिसणारी अँटेना तेवढी राहत असे. जमिनीची थरथर, माणसांचे आणि ट्रकचे आवाज ते रेडिओवरून पाठवत. घिरट्या घालणारी विमानं ते संदेश पकडत आणि थायलंडमधल्या नाखोन फानोम इथल्या केंद्रातले आयबीएमचे संगणक त्यावरून हल्ल्याचं ठिकाण काढत.

या रचनेत ज्याच्या जमिनीवर सेन्सर उभा आहे तो शत्रू होता. त्याला आकडा दिसता कामा नये, सेन्सर कुठे आहे हेही कळता कामा नये. म्हणून सुरक्षा म्हणजे गुप्तता. पुढे हे तंत्र नागरी कामात आलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर बर्कलीच्या संशोधकांनी स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांत चिमुकले सेन्सर ठेवले. माणसाने सारखं जाऊन पक्ष्यांना त्रास देऊ नये, हा चांगला हेतू होता. तिथे मोजला जाणारा शत्रू नव्हता, पण त्याला प्रश्नही विचारता येत नव्हते.

मंडळातला शेतकरी ना शत्रू आहे, ना पक्षी. त्याने हप्ता भरलाय. त्या आकड्यावर त्याचा हक्क आहे. तरीही रचना बहुतेक वेळा जुनीच उचलली जाते. यंत्रातून आकडा निघतो, बंद पाकिटात सर्व्हरला जातो, आणि सर्व्हरवाला सांगेल तेवढंच बाकीच्यांना कळतं.

कुलूप आणि सही यांतला फरक

इथे थोडं गणिताच्या वाटेने जावं लागेल, पण सूत्र एकही येणार नाही.

आज अशा यंत्रांसाठी लोरावॅन नावाची रेडिओ पद्धत खूप वापरली जाते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यासाठी परवाना लागत नाही आणि एका बॅटरीवर यंत्र कित्येक वर्षं चालू शकतं. तिची सुरक्षा कच्ची नाही. प्रत्येक संदेश बंद करून जातो, त्यावर खूण असते, आणि जुना संदेश पकडून पुन्हा पाठवता येऊ नये म्हणून क्रमांकही असतो. पण ही खूण ज्या किल्लीने करतात, तीच किल्ली तपासणाऱ्याकडेही असते. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या, एक डब्यात आणि एक सर्व्हरवर. बाहेरच्या चोराला अडवायला हे पुरेसं आहे. पण उद्या वाद झाला तर? हा संदेश डब्याने लिहिला की सर्व्हरने स्वतःच लिहून घेतला, हे कुणालाही सांगता येणार नाही, कारण दोघांकडे सारखीच किल्ली. सर्व्हरवाला प्रामाणिक असला तरी त्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. हे त्याच्याही तोट्याचं आहे.

डिजिटल सही वेगळी असते. तिथे किल्ल्यांची जोडी असते. सही करणारी किल्ली डब्यातल्या एका सुरक्षित चिपमध्ये तयार होते आणि तिथून बाहेर पडतच नाही. तपासणारी किल्ली उघडी असते, ती चावडीवर लावली तरी चालते. तिने सही खरी आहे का हे कुणालाही पाहता येतं, पण नवी सही करता येत नाही. आकड्यात एक दशांशाचा फरक केला तरी सही जुळत नाही. आपण घरबसल्या सातबारा काढतो त्यावर अशीच डिजिटल स्वाक्षरी असते, म्हणूनच तो बँकेत चालतो. जमिनीच्या उताऱ्याला जे लागू आहे, ते त्याच जमिनीवर पडलेल्या पावसाला का नको?

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. निकाहनाम्यावर वर-वधू, वकील, गवाह आणि काझी यांच्या सह्या होतात आणि त्याची प्रत दोन्हीकडच्यांना मिळते. निकाह गुपचूप व्हावा म्हणून आपण गवाह ठेवत नाही. उद्या कुणी मुकरला तर दाखवायला कागद असावा म्हणून ठेवतो. सेन्सरच्या नोंदीला हाच नियम लावायचा आहे. सही हवी, आणि प्रत दोन्ही बाजूंना हवी.

एक अडचण खरी आहे. अशी एक सही ६४ बाइटची असते, आणि लोरावॅनच्या सगळ्यात मंद वेगात एका संदेशात ५१ बाइटच मावतात. म्हणजे आकड्यापेक्षा सही मोठी, आणि ती पाकिटात बसतच नाही. त्यावर उपाय आहे. प्रत्येक आकड्यावर सही करायची गरज नाही. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफत जायचं, साखळीच्या कड्यांसारखं. मधलं एक कडं बदललं तर पुढची सगळी साखळी चुकते. मग दिवसातून एकदा शेवटच्या कड्यावर सही करून ती दोन-तीन तुकड्यांत पाठवायची. सिम कार्डवर चालणाऱ्या केंद्रांना तर हा प्रश्नच येत नाही, तिथे जागा भरपूर असते. सुरक्षित चिपची किंमत साधारण शंभर रुपयांच्या घरात आहे. पूर्ण केंद्राच्या खर्चात ती नजरेतही येणार नाही.

सही पुरेशी नाही, हेही मान्य करू

नरसाळ्यावर भांडं पालथं घातलं तर डबा शून्य लिहील आणि त्या शून्यावर अगदी खरी सही करेल. सहीने एवढंच कळतं की हे याच डब्याने सांगितलं आणि नंतर कुणी बदललं नाही. त्याने खरं पाहिलं का, हे सही सांगत नाही. म्हणून एका साक्षीदारावर निकाल देऊ नये.

शेजारच्या चार केंद्रांवर ५० मिलिमीटर आणि मधल्या केंद्रावर शून्य, असं दिसलं तर सर्व्हरने स्वतःहून हात वर करायला हवा. डब्याचं झाकण उघडलं गेलं तर त्याची नोंद त्याच साखळीत जायला हवी. यासाठी लागणारा स्विच काही रुपयांत मिळतो. आजूबाजूचं झाड किंवा भिंत यंत्राच्या तोंडापेक्षा जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावं असा साधारण नियम सांगतात. ते अंतर मोजायला इंजिनिअर लागत नाही, टेप लागतो.

आणि सगळ्यात स्वस्त साक्षीदार तर आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. साधं, हाताने वाचायचं पर्जन्यमापक. हवामान खात्यात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. गावातल्या शाळेने, मदरशाने किंवा तरुण मंडळाने एक मापक लावलं आणि रोज साडेआठला आकडा फळ्यावर लिहून त्याचा फोटो काढून ठेवला, तर वर्षाच्या अखेरीस त्या गावाकडे स्वतःचा पुरावा असेल. विमा कंपनी तो कायदेशीर आकडा म्हणून मानणार नाही, हे उघड आहे. पण डबा आणि फळा यांत सतत फरक दिसला, तर 'केंद्र तपासा' असं म्हणायला हातात काहीतरी असेल. आज ते नसतं, म्हणून आपलं म्हणणं रडगाणं ठरतं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. त्याचं उत्तर वर आलं. खरा खर्च चिपचा नाही. तो वर्षातून दोनदा माणूस पाठवून नरसाळं साफ करण्याचा, यंत्र तपासण्याचा आहे. निविदेत यंत्राच्या किमतीवर बारीक घासाघीस होते आणि देखभालीचं कलम दोन ओळींत उरकतं. ते उलटं व्हायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की आकडे सगळ्यांना दिसले तर शेतकरी गैरफायदा घेतील. ६४ मिलिमीटर झालेत हे दिसलं की कुणीतरी तांब्याभर पाणी ओतेल. शंका रास्त आहे. पण ज्याला पाणी ओतायचं आहे त्याला आकाशाकडे पाहूनही पाऊस किती झाला याचा अंदाज येतो. शिवाय ओतलेलं पाणी लपत नाही. खरा पाऊस पलट्यांचा एक चढ-उतार दाखवतो, तांब्याने ओतलेलं पाणी क्षणात पलट्यांचा ढीग लावतं. प्रत्येक पलटीची वेळ साखळीत नोंदलेली असेल तर खोटा पाऊस चटकन ओळखू येईल. म्हणजे सविस्तर नोंद शेतकऱ्याला वाचवते तशी खोटारड्यालाही पकडते.

तिसरा आक्षेप मालकीचा. केंद्र ज्याने उभं केलं, डेटा त्याचा. धंद्याच्या दृष्टीने हे मला कळतं. कंपनीने त्या आकड्यांवरून अंदाज बांधावेत, नकाशे विकावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या आकड्यावर माणसाची भरपाई ठरते, तो आकडा त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याने हिशेब मागितल्यावर दाखवायचा असतो.

आपण काय करू शकतो

या मासिकाचे वाचक बहुतेक पंचविशी-तिशीतले आहेत. कुणी पुण्यात कोडिंग करतंय, कुणी आखातात नेटवर्कच्या कामावर आहे, कुणी लातूर-औरंगाबादच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी आजही कुणाचे तरी चाचा, मामू, दादा शेती करतात. म्हणजे प्रश्न समजणारी माणसं आणि प्रश्न भोगणारी माणसं एकाच दस्तरखानावर बसतात. ही फार मोठी सोय आहे, आपण ती वापरत नाही इतकंच.

आपल्या मंडळाचं हवामान केंद्र नेमकं कुठे आहे ते शोधा आणि जाऊन पाहा. हात न लावता, बाहेरून फोटो काढा. झाड किती दूर आहे, नरसाळं उघडं आहे का, कुंपण धड आहे का, बघा. मग माहितीच्या अधिकारात पाच साधे प्रश्न विचारता येतील. या केंद्राची गेल्या वर्षी देखभाल कोणत्या तारखांना झाली? यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? गेल्या हंगामात किती दिवसांच्या नोंदी आल्याच नाहीत, आणि त्या दिवसांचा आकडा कुठून घेतला? यंत्राकडून आलेली मूळ नोंद आणि जाहीर झालेला आकडा, दोन्ही जपून ठेवले जातात का? मूळ नोंद बदलली गेली नाही हे तपासण्याची सोय काय आहे? नोंद न आलेल्या दिवसांचा प्रश्न विसरू नका. बॅटरी बसते ती बहुधा मोठ्या पावसातच, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

जे इंजिनिअरिंग शिकतायत त्यांना एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी शेकडो 'स्मार्ट शेती'चे डबे बनतात. ओलावा मोजतात, मोबाइलवर दाखवतात, परीक्षेनंतर माळ्यावर जातात. यंदा एखाद्या गटाने असा पर्जन्यमापक बनवावा, ज्याची रोजची नोंद सही केलेली असेल आणि कुठल्याही साध्या मोबाइलवर ती खरी की खोटी हे तपासता येईल. मराठीत चालणारं एक छोटं ॲप, हिरवा टिळा किंवा लाल फुली, बस. अवघड भाग कोडचा नाही. अवघड भाग आहे मामूंसारख्या माणसाला ते पाच मिनिटांत समजावणं. ते जमलं तर प्रोजेक्ट पास.

आणि जे या क्षेत्रात नोकरी करतात, त्यांनी पुढच्या वेळी ग्राहकाच्या बैठकीत एक वाक्य बोलायला शिकावं: 'या आकड्यावर ज्याचे पैसे ठरणार आहेत, त्याला तो तपासता येईल का?' हे वाक्य कुणाला बोचणार नाही. पण एकदा ते इतिवृत्तात आलं की नुसत्या कुलपावर काम भागत नाही.

येत्या काळात अशी यंत्रं वाढतच जाणार आहेत. पाऊस तर झालाच, पुढे विहिरीचं पाणी, नदीचा पूर, गावातली हवा, घरातला वीजमीटर, सगळं न बोलणारे डबे मोजतील आणि त्यावरून माणसांचे हक्क आणि बिलं ठरतील. यंत्रांना विरोध करून काही साधणार नाही. माणसाच्या पंचनाम्यात काय काय घडू शकतं ते आपण सगळेच जाणतो. मागणी एवढीच असावी की डब्याने जे सांगितलं त्यावर त्याची सही असावी आणि त्या सहीची प्रत शेतकऱ्यालाही मिळावी. मामूंनी विचारलं होतं, या डब्याला कुठे विचारायचं. त्याचं उत्तर देणं इंजिनिअरला शक्य आहे. ते देणं भाग पडेल अशी मागणी मात्र नागरिकांनाच करावी लागेल.